भाराची बैठक

भाद्रपद-आश्विनात टोमॅटोचा हंगाम भरात असतो, तेव्हा संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवर बारदान फाट्याच्या आसपास उभं राहून पश्चिमेकडे पाहावं. गिरणारे, दुगाव, गोवर्धन या बाजूनं भरलेल्या पिकअप एकामागून एक शहराकडे येत असतात. मागे अडकलेले मोटारवाले हॉर्न वाजवतात आणि वाट मिळताच निघून जातात. त्यांचं लक्ष रस्त्याकडे असतं, माझं त्या पिकअपकडे. भरलेली पिकअप ही एक रचना आहे. कुणीतरी शेताच्या बांधावर तासभर डोकं आणि हात चालवून ती उभी केलेली असते, आणि ती किती साधली आहे हे गाडी शंभर पावलांवर असतानाच कळू शकतं. फक्त कुठे पाहायचं ते ठाऊक हवं.

आधी पाहावं हेडलाइटकडे. भार चुकीचा बसला असेल तर गाडी मागे दबते, नाक वर करते, आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा गाडीचं स्टिअरिंगही हलकं पडतं, कारण पुढच्या चाकांवर रस्ता धरून ठेवण्याइतकं वजनच उरत नाही. आता दुसरी गाडी पाहा. तिचाही हौदा काठोकाठ भरलेला आहे, पण दिवे रस्त्यावरच टेकलेले आहेत. बॉनेटची रेघ आणि हौद्याची रेघ रस्त्याला जवळजवळ समांतर आहेत. मागची बाजू चार बोटं खाली, त्याहून जास्त नाही. दोन्ही गाड्यांचं वजन सारखं असू शकतं. पण पहिलीत माल नुसता चढवलेला आहे, दुसरीत तो बसवलेला आहे. ही दुसरी गाडी दिसली की मी ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहतो.

ती बसू शकते त्याचं निम्मं श्रेय खाली, सावलीत राहणाऱ्या पाट्यांचं. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकून पाहिलं तर आसाच्या दोन्ही टोकांवर पोलादी पाट्यांचे जुडगे यू-बोल्टनं आवळलेले दिसतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याचं पुढचं टोक चॅसीला पिननं पक्कं जखडलेलं असतं, मागचं मात्र शॅकलवर झुलतं ठेवलेलं असतं. कारण भार आला की कमान सपाट होते, सपाट झालेला पाटा लांबतो, आणि त्या वाढीव लांबीला जायला जागा हवी. ती जागा शॅकल देतो. दोन बोटांची ती हालचाल नसती तर पाट्यानं एक तर पिन तोडली असती, नाही तर स्वतःचा कणा. मेन पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे येतात. जिथे ताण सर्वांत जास्त त्या मध्यावर सगळे एकत्र असतात, आणि टोकांकडे, जिथे ताण उतरत जातो, तिथे एकेक कमी होत जातो. जितकं पोलाद जिथे हवं तितकंच तिथे. भार जास्त झाला की तोवर मोकळे असलेले हेल्पर पाटे कामाला लागतात. हे सगळं भरलेल्या गाडीसाठी बेतलेलं असतं, म्हणून रिकामी पिकअप गतिरोधकावर दणके देते आणि तीच दीड टन घेतल्यावर शांतपणे झुलत जाते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणात धक्क्याचा जोर आपोआप विरतो. बहुतेक प्रवासी मोटारींनी हे पाटे केव्हाच सोडून दिले. ओझं वाहणाऱ्यांनी सोडले नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. धक्का पचवणं, आस जागेवर धरणं आणि भार तोलणं ही तिन्ही कामं एकच वस्तू करते, तीही गावातल्या लोहाराला उघडून बसवता येईल इतक्या साध्या बांधणीत.

या रस्त्यावर दिसणाऱ्या पिकअपमध्ये बोलेरो सर्वांत जास्त, आणि तिचं घराणं नाशिकला परकं नाही. महिंद्राची कंपनी १९४५ची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिनं विलीज जीप जोडायला सुरुवात केली. बोलेरो आली २००० साली, आणि गंगापूर रोडच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या सातपूरच्या कारखान्याशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. जीपपासून चालत आलेली गोष्ट म्हणजे चॅसी: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही या चॅसीवर बोल्टनं बसवलेले. खड्ड्यात एक चाक गेलं की चॅसी किंचित पिळवटते आणि परत सरळ होते. भरलेली पिकअप शेतातून तिरकी बाहेर पडताना केबिन आणि हौदा यांच्या वरच्या कडांवर नजर ठेवली तर त्या एकमेकींशी तिरक्या होताना दिसतात, आणि गाडी सपाटीला आली की पुन्हा सारख्या. हा पीळ पत्र्यावर न पडता चॅसीवर पडतो, म्हणून वर्षानुवर्षं बांधावरून चढ-उतार करूनही अशा गाड्यांची दारं नीट लागतात.

आता मुख्य गोष्ट: माल भरणं. १.७ टनी पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट साधारण पावणेदोन फूट लांब आणि सव्वा फुटाहून किंचित कमी रुंद. भरलेल्या कॅरेटमध्ये वीस किलो माल, कॅरेटचं स्वतःचं वजन धरून बावीस समजा. भरणाऱ्याच्या हाती कागद-पेन्सिल नसते, पण त्याच्या मनात चालणारा हिशेब आपण मांडून पाहू. कॅरेटं लांबीत लावली तर रुंदीला चार बसतात आणि कडेला जवळजवळ पाऊण फूट फट राहते. त्या फटीत माल गाडीभर हलत राहणार. तीच कॅरेटं आडवी लावली तर रुंदीला तीन बसतात, अगदी दाटून, बाजूच्या फाळक्यांना जेमतेम बोटभर अंतर ठेवून. लांबीत सात ओळी होतात आणि उरलेली पाऊण फूट जागा मागच्या फाळक्याशी जाते. फट जवळजवळ तेवढीच राहिली, पण कुठे गेली ते पाहा: कडेला न जाता मागे. म्हणजे सगळा माल केबिनकडे सरकला, आणि भाराचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे आला. त्याला तो तिथेच हवा होता.

एका थराची एकवीस, तीन थरांची त्रेसष्ट. आता चौथा थर. हात आखडणारा तो चढवत नाही, आणि हाव असणारा पूर्ण चढवतो. जाणता माणूस केबिनला लागून फक्त चार ओळी लावतो, बारा कॅरेटं. एकूण पंच्याहत्तर, वजन १६५० किलो. गाडीच्या क्षमतेच्या आत, आणि उंचीचं वजनही पुढच्या बाजूला. मागे तीन ओळींची एक पायरी तयार होते. कडेनं पाहणाऱ्याला वाटतं, माल कमी पडला असावा. ती पायरी मुद्दाम सोडलेली आहे. चढावर माल मागे रेलतो. तेव्हा मागच्या ओळींवर एक थर कमी असणं म्हणजे मागच्या फाळक्यावरचा दाब कमी. पुढे दोरालाही तीच पायरी उपयोगी पडते. ही पायरी असलेली गाडी पाहिली की भरणाऱ्याचा हात धरून त्याला दाद द्यावीशी वाटते.

रचण्यातली आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भिंत बांधणारा गवंडी सांधे मोडून वीट लावतो. कॅरेटं रचणारा नेमकं उलट करतो: कोपऱ्यावर कोपरा, सरळ खांब. कारण कॅरेटमध्ये भार वाहतात ते त्याचे चार कोपरे आणि काठ. वरचं कॅरेट अर्धं इकडे, अर्धं तिकडे सरकवलं तर त्याचा तळ खालच्या काठाच्या मधोमध येतो, तिथे प्लास्टिक लवतं, आणि मग खालच्या टोमॅटोवर दाब जातो. सरळ खांबात वरून आलेलं वजन कोपऱ्याकोपऱ्यानं थेट हौद्याच्या तळापर्यंत उतरतं, आणि फळाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी खुडणाऱ्यानंच कॅरेट काठाच्या दोन बोटं खाली भरायचं असतं. शीग लावलेलं कॅरेट दिसायला उदार, पण वर दुसरं आलं की पहिला चेपतो तो शिगेचा टोमॅटो. म्हणजे गाडी भरण्याची सुरुवात हौद्यात होत नाही, सरीत होते. खुडणारी बाई कॅरेट भरता भरता हात आवरते, तिथे.

मग दोर. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड. एक टोक पुढच्या कडीला बांधून दोर मालावरून पलीकडे फेकतात, पलीकडचा माणूस तो हौद्याखालच्या हुकात घेतो. आता पाहण्यासारखं ते त्याचं आवळणं. तो दोराच्या मध्यात, छातीएवढ्या उंचीवर, दुहेरी पीळ देऊन एक फासा करतो, खालचा मोकळा दोर हुकाखालून घेऊन त्या फाशातून काढतो आणि सगळं वजन टाकून खाली खेचतो. फासा इथे कप्पीचं काम करतो. हिशेबात तिप्पट ओढ मिळते; घर्षणात काही हरवते, तरी एकट्या माणसाच्या हाताला एरवी कधीच न मिळणारा ताण दोरात येतो. जगभर ट्रक बांधणारे हीच गाठ मारतात. तिचं दुसरं सौंदर्य सोडताना कळतं: मोकळं टोक ओढलं की गाठ क्षणात विरघळते, दोरात मागे गुंतासुद्धा राहत नाही. एवढा भार धरून ठेवणारी आणि एका झटक्यात मोकळी होणारी गोष्ट हातांनी घडवता येते, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

आणि दोर जातो कुठून? कॅरेटच्या मधोमध नाही, काठावरून. दोन ओळींच्या सांध्यावर, जिथे दोन काठ शेजारी येतात तिथे. मागे पायरी असेल तर दोर चौथ्या थराच्या कडेवरून तिसऱ्यावर तिरका उतरतो आणि वरचा थर खाली दाबता दाबता पुढेही खेचून धरतो. जिथे दोर कडेवर वळतो तिथे बारदानाची घडी ठेवलेली असते, म्हणजे प्लास्टिकची धार दोराला कापत नाही. बोटभर जाडीची ती घडी ज्यानं ठेवली, त्यानं बाकी सगळं नीट केलेलं असणार, असं मी खुशाल धरून चालतो.

द्राक्षांचा रिवाज निराळा. जानेवारीपासून गंगापूर-सावरगाव बाजूचे मळे, वाईनचे आणि खायच्या द्राक्षांचेही, उतरायला लागतात. त्या मालाचा स्वभावच वेगळा. मण्यावर जी पांढुरकी झाक असते, तिला बागाईतदार लस्टर म्हणतात. ती एकदा पुसली की परत येत नाही, आणि खायच्या द्राक्षाचा भाव तिच्यासकट असतो. म्हणून इथे थर कमी, कॅरेटच्या तळाला कागद किंवा फोमचा पत्रा, आणि ऊन चढायच्या आत गाडी निघालेली. गाडी तीच आणि पाटेही तेच, पण थर कमी म्हणून भार कमी आणि पाटे कडक. अशा वेळी चांगला चालक मागच्या टायरची हवा थोडी उतरवतो. पाट्यानं जे मऊपण दिलं नाही, ते टायरकडून काढून घेतो.

याहून अवघड ओझं पाण्याचं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी बागा जगवायला पिकअपवर हजार लिटरची टाकी चढते. हजार लिटर म्हणजे नेमका एक टन. कागदावर हे टोमॅटोहून हलकं, पण चालवायला कितीतरी कठीण, कारण हा भार बसत नाही. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, गाडी थांबल्यावर पुन्हा धडक देतं. वळणावर बाहेरच्या कडेला चढतं. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला धावायला जागा नसते. अर्धी टाकी सर्वांत वाईट. म्हणून जाणता माणूस टाकी काठोकाठ भरतो नाही तर रिकामी आणतो, अर्ध्यावर कधी निघत नाही. त्याचं चालवणं पाहा: ब्रेक लांबून, हलका, एकसारखा, थांबायच्या क्षणी पाय किंचित उचललेला, म्हणजे परतून येणाऱ्या लाटेला आपटायला काही मिळत नाही. न दिसणाऱ्या लाटेचा तोल सांभाळणारा असा पाय मी फार थोड्या चालकांचा पाहिला आहे.

रस्त्यावर येण्याआधी गाडीला शेतातून बाहेर पडायचं असतं, आणि परतीच्या पावसात ती खरी परीक्षा. काळी माती पाणी पिऊन फुगते. वाफसा येण्याआधी तिच्यात चाक घालणं म्हणजे रुतणं. गंमत अशी की रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा लवकर चाक फिरवते. ओढणारी चाकं मागची, आणि रिकाम्या गाडीत मागे वजनच नसतं. भरलेली गाडी पकड घेते, पण खोल बसते. त्यात डिफरन्शिअलचा स्वभाव असा की जे चाक मोकळं फिरू शकतं त्यालाच तो फिरू देतो, आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. यावर जुन्या चालकांचा एक उपाय आहे. हँडब्रेक दोन-तीन दात ओढायचा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की थोडी ओढ पलीकडच्या चाकाकडे वळते. फोर बाय फोरचा खर्च न करता, एका दांड्यावर, तळहाताच्या अंदाजानं साधलेली ही गोष्ट. हलका ओढला तर काही होत नाही, जास्त ओढला तर इंजिन बंद पडतं. मधला तो नेमका दाब ज्याला सापडला, त्याची गाडी चिखलातून इंच-इंच वर येताना पाहणं हा एक सोहळाच असतो.

एवढ्यानं भागलं नाही तर टोचन. दुगावच्या शिवारात एका ओल्या संध्याकाळी मी ते जवळून पाहिलं. भरलेली पिकअप बांधाच्या अलीकडे आसापर्यंत बसली होती. दुसरी फोर बाय फोर पिकअप आली. कुणी घाई केली नाही. एका वयस्क माणसानं सूत्रं घेतली. पहिली गोष्ट त्यानं ठरवली ती दिशा: गाडी जशी आत गेली तशीच मागे काढायची, तिच्याच चाकोरीतून, कारण पुढे नवी माती फोडण्यापेक्षा मागची दाबलेली माती कमी विरोध करते. मग रुतलेल्या चाकांमागचा चिखल फावड्यानं उतरता केला आणि त्यावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आडव्या अंथरल्या. साखळी बंपरला न लावता चॅसीच्या हुकाला लावली, दोन्ही गाड्या एका रेषेत आणल्या, आणि साखळीच्या मध्यावर एक ओलं बारदान टाकलं. ते बारदान मला फार आवडलं. साखळी किंवा दोर तुटला तर सुटलेलं टोक माणसाचा पाय तोडेल इतक्या जोरानं येतं. मध्यावरचं ओझं त्याला हवेतच खाली ओढतं. मग त्यानं सगळ्यांना बाजूला केलं आणि एकटा चालकाला दिसेल असा उभा राहिला.

“येऊ दे... येऊ दे... हळू रे, साखळी उचलू दे आधी... आता धर.”

पुढची गाडी लो गिअरमध्ये, जवळजवळ न हलता हलली. साखळीतली ढील निघाली, ती जमिनीवरून उठली, ताठ झाली. झटका नव्हता. त्या एका क्षणात ओढीचा सगळा जोर साखळीत हळूहळू भरत गेला, आणि मागच्या चालकानंही तेव्हाच अर्ध्या क्लचवर आपलं वजन त्यात मिळवलं. काड्या करकरल्या, चाकानं त्यांच्यावर पाय रोवला, आणि पावणेदोन टन टोमॅटो एकही कॅरेट न हलता बांधावर आले. वरच्या थरावरचा दोर जसा होता तसाच ताठ. अडकलेलं काढण्यात जे शौर्य लोक दाखवतात, धडका मारून, इंजिन ओरडवून, त्यापुढे ही शांतता मला शतपट मोठी वाटते.

गंगापूर रोडवर ओढणं पाहायचं असेल तर आणखी एक नमुना रोज मिळतो: काँक्रीटचा मिक्सर. शहर पश्चिमेकडे वाढतंय, स्लॅब पडतायत, आणि पिकअपमागे पिननं अडकवलेला मिक्सर एका साइटवरून दुसरीकडे चाललेला असतो. त्याला ना पाटे, ना ब्रेक. म्हणून त्याला नेण्यात तोल हेच सर्वस्व. बैलगाडी हाकणाऱ्यांना हे शास्त्र पक्कं ठाऊक होतं. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. पुढे जास्त भरलं की सगळं ओझं मानेवर. तोल मधला, पण किंचित पुढे झुकता. अमेरिकेत ट्रेलर ओढणारे आज आकड्यांत हेच सांगतात: ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीवर आला पाहिजे. त्याहून कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्सला ब्रेक असलेला साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा आहे, आणि तिथेही ट्रेलर नीट भरण्याची अक्कल याच एका नियमात आहे. इकडे मिक्सरवाला निघण्यापूर्वी हॉपर वर घेऊन साखळीनं बांधतो, ड्रमचं तोंड वळवून ठेवतो, आणि मग दांडा हातांनी उचलून पाहतो. सहज उचलला तर पुन्हा काहीतरी सरकवतो. दोन माणसांना कुंथायला लागलं तरी नको. एकाला जोर लावून उचलता आला की पिन घालायची. वजनकाट्याशिवाय दोन हातांनी केलेलं ते मोजमाप पाहून घ्यावं असं.

इंजिनाबद्दल थोडकंच. २०२२मध्ये भारतात आलेल्या हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन दोनशेहून अधिक अश्वशक्तीचं आणि स्वयंचलित गिअरसह ५०० न्यूटन-मीटरचं. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन पंच्याहत्तरच्या आसपास अश्वशक्तीचं आणि दोनशे न्यूटन-मीटरचं. गंगापूर रोडला दोन्ही दिसतात, आणि देखण्या, दुहेरी केबिनच्या, दगडधोंड्यांतून लीलया जाणाऱ्या पहिलीला मी नावं ठेवणार नाही. पण दुसरीच्या त्या दोनशेची मांडणी पाहा. ही ओढ १४०० फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण हाती येते. म्हणजे भरलेली गाडी बांधावरून, चढावरून, रांगेतून निघताना इंजिन किंचाळवावं लागत नाही, क्लच जाळावा लागत नाही. वेग सोडून ओढ घ्यायची, हा करार गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत पाळलेला आहे. भरलेल्या पिकअपला सिग्नलवरून उठताना कान देऊन ऐका: आवाज चढत नाही, फक्त भरतो.

उतारावर हेच इंजिन उलटं काम करतं. धोंडेगाव-देवरगावच्या पुढे वाघेऱ्याचा घाट आहे, हरसूलकडून भरून येणाऱ्यांना तो लागतो. आणि रात्री वाशीला निघालेल्यांना कसारा. जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा. नवखा माणूस ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. अर्ध्या घाटात लायनर तापतात, वास येतो, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागायला लागतो. जाणता चालक वळणाच्या आधीच गिअर पाडतो, इंजिनाला गाडी अडवायला लावतो, आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवतो. त्याच्या मागून चाललात तर एक गोष्ट दिसेल: मागचे लाल दिवे लागतात ते क्षणभर, मग बराच वेळ काळोख. त्या दिव्यांच्या विरळपणावरून चालक ओळखावा.

या सगळ्या कामाचा निवाडा कोण करतो? बाजार समितीच्या आवारात गाडी लागते, फाळका पडतो, आणि व्यापारी येतो. वरचं, पुढचं, सहज हाताला लागणारं कॅरेट तो पाहतच नाही. तिथे कुणाचाही माल चांगलाच निघतो. तो हमालाला मागच्या उजव्या कोपऱ्यातलं, तळाच्या थरातलं कॅरेट ओढायला सांगतो. ती जागा मागच्या आसाच्याही मागची. प्रत्येक गतिरोधकाचा, प्रत्येक खड्ड्याचा धक्का सर्वांत जास्त तिथेच पोचतो, आणि वरच्या दोन थरांचं वजनही तिथेच उतरतं. पाटे, टायरची हवा, कोपऱ्यावर आलेला कोपरा, दोन बोटं मोकळा ठेवलेला काठ, सोडलेली पायरी, सांध्यावरून गेलेला दोर, गिअरवर उतरलेला उतार: यातलं एक जरी चुकलं असेल तर ते याच कॅरेटात रसाच्या डागानं उमटलेलं असतं. व्यापारी मनगटापर्यंत हात घालतो, तळाचे दोन-चार टोमॅटो वर काढतो, अंगठ्यानं दाबून पाहतो. साल ताठ, देठाशी चीर नाही, कॅरेटच्या जाळीचा वळ फळावर उमटलेला नाही. तो हात पुसतो आणि शेजारच्या गाडीपेक्षा चढी बोली लावतो.